चिंच खाणारा काटा

"वजन?"

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकानं मला विचारलेला हा पहिला प्रश्न. आपल्याकडं आधी आडनाव विचारतात, मग पाणी देतात. ह्यानं आडनावही विचारलं नाही आणि पाणीही दिलं नाही. मी गोंधळून म्हटलं, "कशाचं?"

"तुमचं. आनखी कशाचं?" आणि मी तोंड उघडायच्या आत मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळून त्यानं स्वतःच निकाल दिला, "चव्वेचाळीस. हलका माल हाय, म्याडम. गच्चीवर जाऊ नका, वाऱ्यानं उडून जाल."

माझं वजन चव्वेचाळीसच होतं, आणि खरा राग मला त्याचाच आला.

तोंडावर मी त्याला मालक म्हणायचे, अहो-जाहो करायचे. मनात तो पहिल्या दिवसापासून 'तो'च होता. आता इतक्या वर्षांनी मनातलंच लिहायला बसलेय, तर उगाच मान कशाला द्या?

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. जालना जिल्ह्यातल्या मंठ्याला मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले होते. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत ह्याचं नवं स्लॅबचं घर, त्यात पुढची एक खोली माझी. मोंढ्यात त्याची आडत होती. शेतकऱ्यांनी तूर, मूग, ज्वारी आणून टाकायची, ह्यानं तोलून विकून द्यायची आणि मधलं कमिशन खायचं. जन्म काट्याशेजारी गेलेला. त्यामुळं जगात दोनच जातीचे जीव आहेत अशी त्याची पक्की समजूत होती, भरलेले आणि पोचट. पाहुण्याचं तान्हं मूल हातात घेतलं की लोक मुका घेतात, हा ते वरखाली करून आकडा सांगायचा. शेजारच्या पोराला मुलगी बघून आले तर ह्याचा प्रश्न, "पोरगी भरती किती?" स्वतः मात्र तुराटीसारखा. धोतर कमरेला थांबायचं कसं हेच एक कोडं होतं. एकदा मी म्हटलंसुद्धा, "मालक, तुमचं वजन किती हो?"

"काटा मालकाला तोलत न्हाई," तो म्हणाला.

त्याच्या सगळ्या वाक्यांच्या शेवटी एकच वाक्य यायचं, "काटा खोटं बोलत न्हाई." देवळात घंटा वाजवावी तसं वाजवायचा. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा बाप मात्र शाळेच्या फाटकाशी मला हसत हसत म्हणाला होता, "तुमच्या मालकाचा काटा चिंच खातो, म्याडम." मला वाटलं, इकडची एखादी म्हण असेल. मी जालना शहरातली, खेड्यातल्या सगळ्या म्हणी मला कुठं ठाऊक?

अमावस्येला मोंढा बंद. हमाल घरी, गाड्या घरी, आणि ह्याचे हात रिकामे. मग हे महाशय घरातल्या बोळात ठेवलेला जुना काटा पुसून काढायचे. पोती तोलायचा तसला मोठा काटा, खाली लोखंडी पाट, बाजूला खांब, खांबावर आडवी दांडी आणि दांडीच्या टोकाला वजनं ठेवायची लोंबती थाळी. थाळीतलं पन्नास ग्रॅमचं वजन पाटावरचे पाच किलो पेलायचं. त्या पाटावर पहिली चढायची त्याची बायको. मग गल्लीतल्या बायका. न्हाऊन केस मोकळे सोडून ओळीनं यायच्या, कुणी हसत, कुणी नवऱ्यानं पाठवलं म्हणून तोंड पाडून. हा वजनं चढवायचा, उतरवायचा आणि सगळ्यांदेखत पुकारायचा, "भरली!" किंवा "हाय तशीच!" किंवा "तूट आली!" कुणाचं किती होतं हे त्याच्या डोक्यात वर्षानुवर्षं पाठ. तूट आली की तिच्या नवऱ्याला बोलावून झाडायचा, "खायला घालतो का न्हाई तिला?" त्यामुळं गल्लीतल्या एक-दोन सुनांना रोजचं दूध मिळायला लागलं, हे मला मान्य करावं लागतं. मान्य करताना दात दुखतात, ती गोष्ट वेगळी.

त्याची आई म्हणे बहात्तरच्या दुष्काळात वाळून वाळून गेली. काकूंनीच मला सांगितलं होतं. असेल बाई. पण आई वाळून गेली म्हणून बायकोला पोतं समजायचं, हा कुठला न्याय?

काकू म्हणजे त्याची बायको. माहेर कुंभार पिंपळगावचं. देहानं भरपूर, आवाज मात्र चिमणीएवढा. हसायला लागल्या की आवाज यायचा नाही, नुसतं पोट हलायचं. ते हलणारं पोट बघूनच समोरच्याला हसू फुटायचं. पाळी जाऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून नवरात्रातला देवीचा सगळा स्वयंपाक त्यांच्याकडं आलेला. त्याचा त्यांना केवढा अभिमान! "आता अडचण न्हाई, विटाळ न्हाई. देवीला बिलकुल चालते मी," म्हणायच्या.

ह्याचं त्याबद्दलही शास्त्र होतं. ते मला त्यानं दाराच्या चौकटीला टेकून ऐकवलं, मी नको नको म्हणत असताना. "पाळी गेली की बाईचं रगत बाहेर जायचं थांबतं, म्याडम. मंग ते कुठं जाणार? आत साठतं. साठलं की वजन वाढतं. वजन म्हंजे ताकद. म्हनून पाळी गेलेल्या बाईला तूप चारावं, डिंकाचे लाडू चारावं. भरू द्यावं." आणि चारायचा. मोंढ्यातल्या लोकांना घरी आणून बायको दाखवायचा, दुकानातली थप्पी दाखवावी तशी. "बघा, माझ्या घरात कोनी वाळत न्हाई."

मी म्हटलं, "मालक, असं काही नसतं. रक्त साठत नाही."

"तुम्ही पोरींना बेडूक शिकवता," तो म्हणाला. "बाई म्हंजे बेडूक न्हाई."

कपाळ माझं.

मग त्या वर्षी दिवाळीनंतर काकूंना पुन्हा रक्त दिसलं.

मला कळलं ते असं, की सकाळी दार उघडलं तर काकू बोळात, काट्याच्या लोखंडी पाटावर बसलेल्या. बाहेर बसायची पद्धत त्या घरात कडक होती, आणि बोळात दुसरं बसायला काहीच नव्हतं. सहा वर्षांनी पुन्हा बाहेर. ओशाळून म्हणाल्या, "बघा ना बाई, म्हातारपणी थेरं." चार दिवस झाले, आठ झाले. थांबे, पुन्हा लागे. देवीचा स्वयंपाक गेला, चूल गेली, काकू आणि काटा बोळात.

आणि हा खूश! अहो खरंच, खूश. मोंढ्यात सांगत सुटला की आमची उलटी फिरली, पुन्हा जवान झाली. मी अक्षरशः त्याची वाट अडवून म्हटलं, "मालक, पाळी गेल्यावर रक्त दिसणं चांगलं नसतं. लगेच दाखवावं लागतं. पिशवीचा कॅन्सरसुद्धा असू शकतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं, ओल्या मुगाच्या ढिगाकडं बघतात तसं. "म्याडम, पोतं तोंडापर्यंत भरलं की शिवणीतून दाणे सांडतेतच. जास्तीचं हाय ते पडून राह्यलं. त्यात कसला आजार?"

"त्या बायको आहेत हो, पोतं नाहीत!"

"आजारी मानूस वाळतं," तो शांतपणे म्हणाला. "परवा अमावस्या हाय. तोलून बघू. तूट आली तर म्हनाल तिथं नेतो. काटा खोटं बोलत न्हाई."

अमावस्येला काकू चढल्या. चेहरा पांढरा फटक, ओठ पांढरे, आणि वजन होतं तेवढंच, उलट किंचित जास्त. बसून बसून आणि लाडू खाऊन दुसरं काय होणार? "हाय तशीच!" हा ओरडला आणि गल्लीकडं असा बघायला लागला की जसा काही खटलाच जिंकला. मला त्या क्षणी त्याच्या डोक्यात थाळीतली ती वजनं घालावीशी वाटली. आजही वाटतात.

मी काकूंना म्हटलं, "चला, मी नेते तुम्हाला जालन्याला. माझ्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई आहेत." ह्यानं ऐकलं. "बाहेर बसलेली बाई घेऊन यष्टीत कुठं फिरता? लोक काय म्हनतील?" काकू एकट्या कधी माहेरीसुद्धा गेल्या नव्हत्या, नेणारा तोच आणि आणणारा तोच. महिना असाच गेला. एकदा बोळातून उठताना चक्कर येऊन खांबाला धरून राहिल्या. ह्याला सांगितलं तर म्हणाला, "खाली पोट असंल." दुपारी लाडू आला.

त्या दिवशी काकू माझ्याशी हळू आवाजात बोलल्या. "बाई, खरं सांगा. मी मरंल का ह्यात?"

मी म्हटलं, "लवकर दाखवलं तर नाही मरणार. उशीर केला तर मला सांगता येत नाही."

त्यांनी काट्याच्या दांडीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "तुमच्याकडं चिंच हाय का? मला सैपाकघरात जाता येत न्हाई."

मला भडभडून आलं. म्हटलं, बिचारीला काहीतरी आंबट खावंसं वाटतंय. लिंबाएवढा गोळा दिला. तो त्यांनी पदराखाली घेतला, चाखलासुद्धा नाही.

पुढची अमावस्या. काकू चढल्या. ह्यानं नेहमीची वजनं थाळीत ठेवली आणि दांडी खटकन थाळीच्या बाजूला गेली. ह्यानं एक वजन काढलं. तरी नाही. आणखी एक काढलं. दांडी सरळ झाली.  गल्लीकडं न बघता तो पुटपुटला, "तूट आली. पाच."

"पाच?" गिरणीवाली म्हणाली. ती समोरच राहायची, कायम पिठानं माखलेली, काकूंएवढीच भरलेली. "अगं माय!"

"एका महिन्यात पाच," तो म्हणाला, आणि तिथंच खाली बसला. त्याच्या आईचं झालं होतं ते त्याला आठवलं असावं. दया नाही आली मला. डोळ्यासमोर पांढरी पडलेली बायको दिसत नव्हती आणि लोखंडाचा तुकडा दिसला, अशा माणसाची दया काय करायची?

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जालना. तो पुढच्या बाकावर, मी आणि काकू मागं. मंठा सुटल्यावर काकू माझ्या कानाला लागल्या. "बाई, तुमची चिंच लई गुणाची निघाली."

"म्हणजे?"

"थाळीच्या बुडाला चिकटवली व्हती. एवढीशी लावली की पाटावरचे पाच किलो कमी होतेत. मोंढ्यात ह्यांचा तोलार तेच करतो की. मीच भिजवून देते चिंच, इतकी वर्षं." आणि त्यांचं पोट हलायला लागलं. मी खिडकीतून बाहेर बघितलं, नाहीतर मला तिथंच मोठ्यानं हसू आलं असतं. शेतकऱ्याच्या दर पोत्यामागं पाच किलो गिळणारा माणूस 'काटा खोटं बोलत न्हाई' म्हणत माझ्यासमोर बसला होता, आणि पुन्हा पुन्हा मागं वळून बायकोकडं बघत होता.

"सांगू नका हं," काकू म्हणाल्या. "डाक्टराच्या दारातून मागं फिरंल हे मानूस."

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, आतलं अस्तर खरवडून तपासायला पाठवलं. अहवाल आला. कॅन्सरच होता, पण नुकता लागलेला. पिशवी काढली की बहुतेक सुटतील म्हणाल्या. हा समोर बसून ऐकत होता. त्याला समजेल असं त्या सांगत होत्या, बिचाऱ्या. "पाळी थांबली म्हणजे अंडाशय थकलं. पण बाईचा एक हार्मोन चरबीतसुद्धा बनतो. थोडा थोडा, रोज. चरबी जास्त, तर तो जास्त. आणि पिशवीच्या अस्तराला त्या हार्मोनची हाक ऐकणारे कान असतात, रिसेप्टर म्हणतो आम्ही. हाक आली की अस्तर वाढतं. पूर्वी दर महिन्याला दुसरा हार्मोन येऊन त्याला 'बस कर' म्हणायचा. पाळी गेली तसा तोही गेला. आता हाक रोज येते, अस्तर ऐकतंय, आणि बस म्हणणारं कुणी नाही. वाढून वाढून त्यातली एखादी पेशी बिघडते."

त्यानं विचार केला. मला क्षणभर वाटलं, पडला उजेड. मग म्हणाला, "म्हंजे वजनानं झालं?"

"वजनानंही."

"पर वजन तर कमी झालं, पाच. काट्यावर बघितलं मी."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी छताकडं.

औरंगाबादला ऑपरेशन झालं. काकू शुद्धीवर आल्या, सगळं नीट झालं म्हणून सर्जन सांगायला बाहेर आले, तर ह्यानं हात जोडून विचारलं काय असेल? "साहेब, पिशवी किती भरली?" देवाशप्पथ. त्यांना वाटलं, धक्क्यानं बडबडतोय. पाठीवर थोपटून गेले.

काकू घरी आल्या. बऱ्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणं लाडू बंद, तूप बंद, सकाळी माझ्याबरोबर शाळेच्या मैदानापर्यंत चालणं. नवरात्रात पुन्हा देवीचा स्वयंपाक. इथंच गोष्ट संपायला हवी होती. पण ह्याला गप्प बसवतं का? मोंढ्यात, हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत एकच, "डाक्टरच्या आधी माझ्या काट्यानं पकडला कॅन्सर. पाच किलोची तूट आली आन् दुसऱ्या दिवशी मी जालन्याला हजर." लोक माना डोलावायचे. अमावस्येची रांग गल्लीबाहेर जायला लागली. काकू सगळं ऐकायच्या आणि मुकाट्यानं भाकरी थापायच्या. मी म्हणायचे, "काकू, सांगून टाका ना!" तर म्हणायच्या, "जाऊ द्या बाई. जीव वाचला न्हवं? त्यांना मिरवू द्या."

पुढच्या उन्हाळ्यात गिरणीवालीला डाग दिसायला लागले. तिची पाळी जाऊन तीन वर्षं झालेली. तिनं आधी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "जल्दी जा, जालन्याला." पण तिचा नवरा म्हणाला, अमावस्या जवळच आहे, मालक तोलतील, मग बघू.

त्या अमावस्येला बोळात मुंगी शिरायला जागा नव्हती. मोंढा बंद म्हणून शेजारचे पुरुषही जमलेले. गिरणीवाली चढली. ह्यानं वजनं ठेवली, दांडी डुलली, सरळ झाली.

"हाय तशीच! दिवाळीएवढीच बराबर. आजार न्हाई. दवाखान्याचा खर्चा वाचला तुझा," तो तिच्या नवऱ्याला म्हणाला. नवऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला. गिरणीवालीनं पाय खाली टाकला.

"थांब गं. उतरू नको."

काकू स्वयंपाकघरातून आल्या होत्या. हातात चिंचेची बरणी. तो चिमणीसारखा आवाज त्या दिवशी पार रस्त्यापर्यंत ऐकू गेला. बरणीतून लिंबाएवढी चिंच काढली, वाकल्या आणि थाळीच्या बुडाला दाबून लावली. दांडी खटकन कलली.

"तोला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

आणि त्यानं तोललं! हाताला जन्माची सवय. एक वजन काढलं, दुसरं काढलं, दांडी सरळ झाली आणि त्याच्याच तोंडून निघून गेलं, "पाच कमी."

"अगं माय!" गिरणीवाली किंचाळली.

"भिऊ नको," काकू म्हणाल्या. चिंच खरवडून काढली. दांडी पुन्हा वर. "आता बरी झालीस. पुन्हा आजारी करू का?"

 काकू त्याच्याकडं वळल्या. "माझी तूट अशीच आल्ती. मी डोळ्यासमोर मेले असते तरी काट्यावर दिसल्याबिगर तुम्हाला पटलं नसतं. मंग दाखवली काट्यावर. चिंच न्हाई लावली तर मी आज नसते. आन् ही बरणी मोंढ्यात जाती तीच हाय, सगळ्यांनी वळखून ठेवा."

मागून कुणीतरी म्हणालं, "मी म्हनत न्हवतो का, काटा चिंच खातो!" आणि बोळात जो हशा उसळला, तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. मीही त्यात होते. पोटभर हसले, इतक्या वर्षांचं.

काकू मात्र हसल्या नाहीत. गिरणीवालीचा हात धरून तिला पाटावरून खाली उतरवलं. "उद्या सकाळच्या गाडीनं जालन्याला. मी येते संगं." नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही, ना तिच्या, ना स्वतःच्या. गिरणीवालीचं पुढं साधंच निघालं, आत एक मांसाचा कोंब होता तो काढला आणि ती पुन्हा गिरणीत उभी राहिली. पण त्या दिवशी हे कुणाला ठाऊक होतं?

लोक पांगले. तो तसाच उभा, काढलेलं वजन हातात. मला वाटलं, आता हा बायकोवर धावून जाणार. मी दारातच थांबले, वेळ आली तर मध्ये पडायचं म्हणून. इज्जत गेलेली, धंद्याचं बिंग फुटलेलं, उद्या मोंढ्यात तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती. त्यानं काकूंकडं बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, आणि तोंडातून निघालं ते हे,

"मंग त्या दिवशी तुझं खरं वजन किती व्हतं गं?"

काकूंनी बरणीचं झाकण लावलं.

"ते आता तुम्हाला कधीच कळायचं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा त्या पाटावर पाय ठेवला नाही.